रथ, चासी आणि एकपणाचा प्रश्न

मिलिंद राजा रथात बसून आला आहे हे कळल्यावर भिक्षू नागसेनाने त्याला विचारले: दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाके, जू, लगाम? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणाला. मग या सगळ्यांचा ढीग म्हणजे रथ? तेही नाही. यांच्याबाहेर कुठे रथ आहे? तोही नाही. शेवटी राजाने कबूल केले की या अवयवांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव चालते, एवढेच. नागसेनाला तेच हवे होते, कारण त्याला बोलायचे होते माणसाविषयी. माणूसही असाच, रूप-वेदनादी स्कंधांच्या, म्हणजे शरीर-मनाच्या घटकांच्या, आधाराने चालणारे नाव. ‘मिलिंदप्रश्ना’तला हा संवाद आजही अंगावर येतो. तो तपासून पाहायला आज सर्वांत योग्य जागा हॉट रॉड रोडस्टरची चासी, म्हणजे गाडीची खालची चौकट, बांधणारी कार्यशाळा आहे असे मला वाटते. तिथे मिळणारे उत्तर नागसेनाचे अर्धे म्हणणे मान्य करते आणि उरलेल्या अर्ध्यावर अडते.

कारखान्यातून तयार होऊन आलेल्या गाडीचे सगळे भाग एकाच घरचे असतात, त्यामुळे हा प्रश्न तिथे झाकला जातो. हॉट रॉडमध्ये, म्हणजे जुन्या गाडीत फेरफार करून केलेल्या वेगवान गाडीत, तो उघडा पडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे दक्षिण कॅलिफोर्नियातले तरुण जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात घेत, मडगार्ड उतरवत, इंजिने बदलत आणि मुरॉक, एल मिराज अशा कोरड्या तलावांच्या सपाट तळांवर त्या पळवत. १९३७ मध्ये तिथल्या क्लबांनी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापली. या मंडळींची लाडकी गाडी म्हणजे १९३२ ची, पक्के छप्पर नसलेली फोर्ड रोडस्टर. आज तिची चासी बांधायला घेणाऱ्याला चौकटीचे दोन्ही लांब दांड नव्याने दाबून काढलेले मिळतात. पोलादी बॉडीही नवी मिळते. इंजिन शेवरोलेचे असू शकते, मागचे डिफरन्शियल आणखी कोणाचे. फोर्डच्या कारखान्यातला एकही तुकडा नसलेली गाडी उभी राहते आणि जाणकार तिला ‘थर्टी-टू’च म्हणतात. टिकलेले असते ते पुढच्या-मागच्या चाकांमधले १०६ इंचांचे अंतर आणि दांडावर उठवलेली ओळखीची रेघ.

दांड आणि आडवे जोड जमिनीवर पडलेले असतात तोवर नागसेनाचे म्हणणे शब्दशः खरे आहे. तो ढीग आहे. मग ते सपाट, भक्कम जिगवर, म्हणजे भाग जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या साच्यावर, चढतात. मध्यरेषा आखली जाते आणि पुढचे प्रत्येक माप तिच्यापासून घेतले जाते. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजतात; ते सारखे भरले तरच चौकट गुण्यात आहे. जोड आधी नुसते टॅक मारून धरतात, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने पोलाद फुगते, निवताना आकसते आणि सगळ्या चौकटीला आपल्याकडे ओढते. म्हणून थोडे या बाजूला, थोडे त्या बाजूला असे वेल्ड भरतात आणि पुन्हा कर्ण मोजतात. पुढची आस बसवताना तिचा मागे झुकणारा कोन सांभाळतात. गाडी सरळ रेषेत राहील की भरकटेल हे बरेचसे त्यावर ठरते. बांधणाऱ्याचे निम्मे कष्ट अशा गोष्टींवर जातात ज्यांना नागसेनाच्या यादीत जागाच नाही. कर्ण हा सुटा भाग नव्हे, कोनही नव्हे. त्याच संवादात भिक्षुणी वजिरेच्या वचनाचा आधार येतो: अवयवांची जुळणी झाली की रथ हा शब्द लागतो. जुळणी म्हणजे काय, हा प्रश्न मात्र तिथे विचारलाच गेला नाही.

नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, बौद्धांना याच ठिकाणी गाठले. अवयवांहून वेगळा ‘अवयवी’ खरोखर असतो, याला न्यायसूत्रांनी दिलेला एक पुरावा धारण आणि आकर्षण यांचा आहे: एक भाग धरला की सबंध वस्तू धरली जाते, एक भाग ओढला की सबंध वस्तू ओढली जाते. यावरची शंका वात्स्यायनाने या सूत्रांवरच्या आपल्या भाष्यात मोकळेपणाने मांडली आहे. कच्च्या घड्याचे कण पाण्यामुळे एकत्र राहतात, भाजलेल्याचे अग्नीमुळे. लाखेने चिकटवलेले गवत, दगड, लाकूडही एकत्र ओढले जाते, पण तेवढ्याने नवे द्रव्य जन्मत नाही. ही शंका मला रास्त वाटते. वेल्ड ही आजची लाखच आहे, आणि चासी एका टोकाला धरून उचलता येते एवढ्यावरून तिचे एकपण सिद्ध होत नाही.

पण चासीकडे याहून बळकट पुरावा आहे, आणि तो म्हणजे पीळ. फोर्डचा मूळ दांड एका बाजूने उघडा, पन्हळीसारखा आहे. असा उघडा छेद सहज पिळला जातो. बांधणारा उघड्या बाजूवर पट्टी वेल्ड करून तो बंद करतो. याला बॉक्सिंग म्हणतात. वजन थोडेच वाढते, पिळाला होणारा विरोध मात्र शेकडो पटींनी वाढतो. पुठ्ठ्याची नळी लांबीत चिरून पिळावी, मग चीर चिकटवून पुन्हा पिळावी. फरक हाताला कळतो. ही ताकद दांडात नव्हती, पट्टीतही नव्हती. दोघांची बेरीज करूनही ती येत नाही. छेद बंद होताच येते. यावर बौद्ध म्हणेल की हे सारे पोलादाच्या गुणांवरून आणि आकारावरून गणिताने काढता येते, मग नवे काय आले? गणित अचूकच आहे. पण त्या गणितात भिंतींनी वेढलेले क्षेत्रफळ घालावे लागते, आणि ते क्षेत्रफळ कुठल्याच एका भिंतीचे नसते. पट्टी कापली की ताकद जाते, मागे कुठलेही वेगळे द्रव्य लोंबकळत राहत नाही. म्हणून नैयायिकांचा स्वतंत्र अवयवी मी मानत नाही. एकपण पराधीन आहे, हे नागसेनाचे खरे. पण जे पराधीन आहे ते नुसते नाव असते, हे त्यावरून ठरत नाही. नावाने पीळ अडत नाही.

आणखी एक आक्षेप उरतो. सगळे भाग बदलले, तर ती ‘तीच’ गाडी कशी? इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात. वस्तू एक आहे का, हा पहिला. तो जुळणीने सुटतो. ती कालचीच आहे का, हा दुसरा. तो इतिहासाने सुटतो. डोन स्पेन्सरने चाळीसच्या दशकात हाती घेतलेली १९३२ ची रोडस्टर पुढे कारेरा पानामेरिकाना शर्यतीच्या तयारीत बदलत गेली, तिचे मालकही बदलले. १९९७ मध्ये पेबल बीचच्या प्रदर्शनात हॉट रॉडना पहिल्यांदा स्वतंत्र वर्ग मिळाला, तेव्हा तीच गाडी पहिली आली. तिचे ‘तीच’ असणे अखंड साखळीतून आले आहे. रात्रभर जळणाऱ्या दिव्याच्या ज्योतीचा नागसेनाचाच दृष्टान्त तिला लागू पडतो. नव्या दांडांच्या चासीकडे ही साखळी नसते. म्हणून ती १९३२ मधली म्हणणे खोटे ठरेल, पण ती एक नाही असे म्हणणेही खोटेच ठरेल.

माणूस म्हणजे चासी नव्हे. त्याला जाणीव आहे आणि त्याला जिगवर कोणी चढवलेले नाही. मान्य. माझा दावा तेवढा मोठा नाहीच. अवयवांत शोधून सापडला नाही म्हणून ‘मी’ मिथ्या, ही उडी रथाच्या दृष्टान्ताला पेलत नाही, एवढेच मी म्हणतो. नागसेनाचा हेतू आसक्ती सैल करण्याचा होता, आणि तो इथेही साधतो: जे जुळणीने उभे आहे ते सुटूही शकते, त्याला कायमचे मानून कवटाळण्यात अर्थ नाही. पण सुटू शकते म्हणूनच ते जपावे लागते. माणसाच्या आयुष्यातला प्रत्येक नवा जोड, मग ते नाते असो, शब्द देणे असो की श्रद्धा, निवताना बाकीच्या चौकटीला थोडे ओढतोच. म्हणून चांगला बांधणारा शेवटचा वेल्ड झाला की लगेच काम संपले असे म्हणत नाही. पोलाद पूर्ण निवू देतो, आणि मग पुन्हा एकदा दोन्ही कर्ण मोजतो.