पौराणिक नायिकांचे वकीलपत्र

मूळ कथेने जिला बोलू दिले नाही अशा स्त्रीच्या मुखी शब्द घालण्याचा अधिकार कादंबरीकारास आहे किंवा कसे, हा वाद आता बहुतेक मिटलेला आहे. अधिकार आहेच. परंतु त्या अधिकाराबरोबर वाचकाचे कोणते ऋण लेखकाच्या माथी येते, या प्रश्नाकडे आमच्या टीकाकारांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. आणि पौराणिक कादंबरीचे पीक सध्या ज्या जोमाने येत आहे ते पाहता तो फार काळ बाजूस ठेवता येण्यासारखा नाही.

पुण्याच्या कविता काणे यांचे उदाहरण या कामी उपयोगी पडेल. अनेक वर्षे पत्रकारितेत काढल्यावर २०१३ साली 'कर्णाज् वाइफ' ही त्यांची पहिली इंग्रजी कादंबरी निघाली. २०१४ मध्ये ऊर्मिला, २०१५ मध्ये मेनका, पुढे शूर्पणखा व सत्यवती, २०१९ मध्ये अहल्या, अशा एकामागून एक नायिका त्यांनी कथेच्या कोपऱ्यातून उचलून मध्यभागी आणून बसविल्या. पहिल्या कादंबरीतील उरुवी ही कर्णाची पत्नी व्यासांची नव्हे, काणेबाईंची. स्त्रीपर्वात गांधारी रणांगणावर आक्रोश करणारी वृषसेनाची आई दाखविते, पण तिचे नाव येत नाही. याच मोकळ्या जागी शिवाजी सावंतांनी १९६७ साली 'मृत्युंजय'मध्ये वृषालीला बोलते केले होते. आज आमच्या वर्गात कर्णपत्नीचे नाव विचारले तर अर्धा वर्ग वृषाली म्हणतो, एखादी विद्यार्थिनी उरुवी म्हणते, आणि नाव सांगितलेले नाही असे म्हणणारा कोणीच निघत नाही.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. उरुवीपुरते काहीच बिघडले नाही, असेच आम्ही म्हणू. कर्णाने भर सभेत द्रौपदीला बंधकी म्हटले आणि तिची वस्त्रे हिरावून घेण्यास दुःशासनाला सांगितले, ही गोष्ट कर्णभक्तांना, आणि महाराष्ट्रात त्यांची संख्या थोडी नाही, मोठी अडचणीची वाटते. काणेबाईंच्या उरुवीला ती पचत नाही. जिने सूतपुत्राला आपण होऊन वरले तीच त्याला जाब विचारते. कल्पित साक्षीदार उभा करून खरा पुरावा अधिक उजेडात आणण्याचा हा प्रकार आहे, आणि तो आम्हांस सर्वस्वी मान्य आहे.

शूर्पणखेच्या कादंबरीपाशी प्रश्न अवघड होऊ लागतो. रावणाच्या हातून तिचा पती मारला गेला, हा धागा उत्तरकांडातला. त्यावरून काणेबाईंनी सूडाचे सूत्र विणले, आणि पुराणकथेत रहस्यकथा येऊन बसली: गुप्त हेतू, थंडपणे रचलेला डाव आणि शेवटी भक्ष्य होणारा भाऊ. रहस्यकथा म्हणताच नाक मुरडण्याचे कारण नाही. ज्या महाराष्ट्राने बाबुराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथा रिचविल्या त्याला तर ते मुळीच शोभत नाही. उलट, पुराणकथेने रहस्यकथेपासून एक गोष्ट शिकावी अशी आमची सूचना आहे.

इंग्लंडात डोरोथी सेयर्स या विदुषीने दोन्ही क्षेत्रे पालथी घातली होती. १९२३ पासून तिने हेरकथा लिहिल्या, १९४१-४२ मध्ये ख्रिस्तचरित्रावर नभोनाट्ये लिहिली, आणि देवाच्या पुत्राला रोजच्या बोलीत बोलायला लावल्याबद्दल सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. १९३० साली लंडनमध्ये हेरकथाकारांचे जे मंडळ स्थापन झाले त्याच्या संस्थापकांत ती होती. त्या मंडळात प्रवेश करणाऱ्यास शपथ घ्यावी लागे, आणि महत्त्वाचा दुवा वाचकापासून लपविणार नाही, हे त्या शपथेतील एक कलम होते. थट्टेखोरपणे रचलेली ही शपथ आम्हांस अत्यंत गंभीर वाटते. खुनी कोणीही निघो; त्याला ओळखण्याची सामग्री वाचकासमोर असली पाहिजे.

हाच नियम पौराणिक कादंबरीस लावून पाहावा. वाल्मीकींच्या अरण्यकांडात शूर्पणखा सीतेला खाण्यासाठी तिच्या अंगावर धावून जाते, आणि मग लक्ष्मण तिचे नाक-कान कापतो. शिक्षा अमानुष होती असे खुशाल म्हणावे, आम्हीही म्हणू. पण ते धावून जाणे गाळून तिची बाजू मांडणारा लेखक वाचकाची सहानुभूती चोरून मिळवितो. अहल्येचे प्रकरण याहून नाजूक. बालकांडात ती इंद्राला ओळखते आणि देवराजाविषयीच्या कुतूहलाने संमती देते. उत्तरकांडात ती फसविली गेलेली आहे. एक साक्ष तिला स्वतःच्या इच्छेची स्त्री ठरविते, दुसरी निरपराध. आजच्या लेखिकेला दोन्ही हव्याशा वाटाव्यात हे आम्ही समजू शकतो. तिने कोणतीही एक घ्यावी. मात्र दुसरी साक्ष अस्तित्वातच नव्हती असा आव आणू नये.

इरावतीबाई कर्व्यांचे 'युगान्त' कादंबरी नव्हे. तरी या बाबतीत आम्ही पुनःपुन्हा त्याच्याकडे वळतो. भांडारकर संस्थेने महाभारताच्या संशोधित आवृत्तीचे काम १९१९ मध्ये आरंभिले आणि ते १९६६ मध्ये पुरे झाले. 'युगान्त' लगेच १९६७ चे, म्हणजे 'मृत्युंजय'च्याच वर्षाचे. कुंती, गांधारी, द्रौपदी यांचे दुःख बाईंनी मोठ्या जिव्हाळ्याने सांगितले, पण त्यांच्या चुकांचा हिशेब सोडला नाही. द्रौपदीच्या अखेरच्या क्षणांचे चित्र त्यांना स्वतःच्या कल्पनेने रेखाटावेसे वाटले, तेव्हा येथून पुढचे माझे, असे वाचकास सांगून मगच त्यांनी ते रेखाटले. त्या चित्राची उत्कटता एवढ्याने तिळमात्र कमी झालेली नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. जुन्या कथेकऱ्यांनी तरी कधी असे सांगितले? अहल्येची शिळा झाली ती वाल्मीकींनी केली नव्हती; ती मागाहून झाली, आणि कोणी कबुलीजबाब दिला नाही. खरे आहे. पण तेव्हाचा श्रोता एकाच कथेवर अवलंबून नव्हता. देवळातले कीर्तन, घरातल्या आजीची गोष्ट, चातुर्मासातली पोथी, गावात आलेले दशावतारी, यांतून तीच अहल्या त्याला चार रूपांनी भेटे, आणि तो आपोआप ताडून पाही. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत वाढलेल्या आजच्या मुलीला ती बहुधा एकदाच भेटते, तीही गाडीत उभ्याने वाचलेल्या पुस्तकात. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून याच लोहमार्गावर उभे आहे. ताडून पाहण्याची सोय नाही असे म्हणता येणार नाही. पण आपण वाचले त्याहून निराळेही काही आहे, एवढी शंका तरी त्या मुलीच्या मनात आली पाहिजे. ती कादंबरीकर्त्रीनेच, प्रस्तावनेतल्या दोन ओळींत का होईना, घालून द्यावयाची आहे.