प्रश्न टाळण्याची किंमत

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांतल्या १,७६४, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक, महाराष्ट्रातल्या. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवसांत अशा बातम्या ठळक छापून येतात आणि आपण परीक्षेला दोष देऊन मोकळे होतो. पण त्याच अहवालात ‘परीक्षेतील अपयश’ या कारणाखालची नोंद दोन हजारांच्या आसपास आहे. बाकीच्या मुलांच्या वाट्याला काय आले होते? नैराश्य, घरातला कलह, छळ, प्रेमभंग, चारचौघांत झालेला अपमान, आणि बहुतेकदा यांतले बरेच काही एकदम. कारण एक नसते, त्यामुळे निकालाच्या आठवड्यापुरती दाखवलेली सावधगिरी पुरत नाही.

सावध राहायचे म्हणजे लक्षणे ओळखायची, असे सांगितले जाते. ती ठाऊक असायलाच हवीत. मित्रांना टाळणे, झोप-भूक बिघडणे, जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकणे, ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे बोलणे, स्वतःला इजा करून घेणे. किशोरवयात नैराश्य रडण्यापेक्षा चिडचिडीतून जास्त दिसते, म्हणून ‘वयच तसे आहे’ म्हणून ते सोडून दिले जाते. तरीही केवळ लक्षणांवरून कोणते मूल टोकाला जाईल, हे तज्ज्ञांनाही नेमके सांगता येत नाही. म्हणूनच शंका आली की तर्क करत बसू नये, मुलाला सरळ विचारावे : जगणे नकोसे वाटते का? जीव द्यावा असे मनात येते का?

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : विचारल्याने नसलेली कल्पना डोक्यात शिरेल. न्यूयॉर्क राज्यातल्या दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर हे तपासले गेले आणि २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आत्महत्येविषयी प्रश्न विचारलेल्या मुलांमध्ये असे विचार वाढले नाहीत; आधीपासून खचलेल्यांची अस्वस्थता उलट काहीशी कमीच आढळली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आई-बाबा किंवा वर्गशिक्षक काही मानसोपचारतज्ज्ञ नव्हेत. खरे आहे, पण त्यांनी उपचार करायचेच नाहीत. उपदेश न करता ऐकावे, ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, धोका दिसला तर मुलाला एकटे सोडू नये, घरातली औषधे आणि घातक वस्तू हाती लागणार नाहीत असे पाहावे आणि त्याला तज्ज्ञाकडे न्यावे. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

अर्थात सगळा भार घरावर टाकणे अन्यायाचे ठरेल. युरोपातल्या दहा देशांत अकरा हजारांवर विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला. मानसिक आरोग्य आणि ताण यांवर वर्गात मुलांनाच बोलते केले, तेव्हा वर्षभरात आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण निम्म्यावर आले. केवळ शिक्षकांना धोका ओळखायला शिकवल्याने तसा ठोस फरक दिसला नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांना समुपदेशक नेमायला सांगितले, ते योग्यच झाले. मात्र समुपदेशकाच्या दारापर्यंत मूल आपण होऊन क्वचितच जाते. मनातले बोलल्यावर ओरडा बसणार नाही, हा विश्वास त्याला रोजच्या वागण्यातून आधी मिळालेला असावा लागतो, आणि तो देणे ही मोठ्यांचीच जबाबदारी आहे.