फलकावरचे नाव

आमचे डिंगोरे गाव जुन्नर तालुक्यात, ओतूरहून कल्याणकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. टोमॅटो-कांद्याच्या गाड्या याच रस्त्याने माळशेज घाट उतरून मुंबईच्या बाजाराला जातात. आसपासची बरीच मुले या गाड्यांवर ड्रायव्हर, क्लीनर म्हणून पोट भरतात. त्यांत आमची मुलेही आहेत, आणि त्यांतली काही माझ्या हाताखाली अलिफ-बे शिकलेली आहेत.

2022 च्या पावसाळ्यात अशाच एका मुलाची आई रात्री माझ्या दारात आली. टेंपोवर गेलेला मुलगा परतला नव्हता. फोन बंद. सोबतच्या पोराने एवढेच कळवले होते, की वाटेत एका शहरात पोलिसांनी गाडी अडवली आणि त्याला घेऊन गेले. कोणत्या ठाण्यात नेले, कशासाठी नेले, काही कळत नव्हते. मी उर्दूतून शिकवत असले तरी सरकारी कागद मराठीतून वाचते, लिहिते. म्हणून ती माझ्याकडे आली होती. तिचे एकच मागणे होते, "आपा, मेरा बच्चा किधर है, इतनाच बोलो."

त्या शहरातल्या एका ठाण्यात फोन केला. उत्तर मिळाले, इथे असा कोणी नाही. दुसरीकडे केला, उद्या या म्हणाले. शेवटी महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर मी जिल्हा, ठाणे, तारीख निवडून अटक झालेल्यांची माहिती धुंडाळत बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथे त्याचे नाव दिसले. मी ते वाचून दाखवताच खाला रडू लागल्या आणि म्हणाल्या, "अल्हम्दुलिल्लाह." अटकेच्या यादीत मुलाचे नाव सापडले म्हणून शुक्र करणारी आई मी त्या दिवशी प्रथमच पाहिली. नाव यादीत आले, म्हणजे तो कुठेतरी आहे, जिवंत आहे, आणि आता सरकारला त्याचा हिशोब द्यावा लागेल, हे त्या अक्षरओळख नसलेल्या बाईला माझ्याआधी कळले होते.

कायद्यानेही ही नोंद याचसाठी उघडी ठेवली आहे. 1986 साली पश्चिम बंगालमधील कायदेविषयक मदत करणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष डी. के. बसू यांनी कोठडीतील मृत्यूंच्या बातम्यांकडे लक्ष वेधणारे पत्र सरन्यायाधीशांना लिहिले. ते पत्रच याचिका मानले गेले आणि डिसेंबर 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटकेसंबंधी अकरा सूचना दिल्या. अटकेचा पंचनामा साक्षीदारासमक्ष व्हावा, नातेवाइकाला वा मित्राला खबर द्यावी, नियंत्रण कक्षातील फलकावर माहिती लावावी, असे त्यांत होते. पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेत 41 क हे कलम आले आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 37 मध्ये तीच तरतूद अधिक विस्ताराने आली. आता प्रत्येक पोलीस ठाण्यात सहायक उपनिरीक्षकाच्या खाली दर्जा नसलेला एक अधिकारी नेमायचा असतो. अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप यांची नोंद ठेवणे ही त्याची जबाबदारी. ती माहिती ठाण्यात आणि जिल्ह्याच्या मुख्यालयात ठळकपणे, डिजिटल माध्यमातूनही, लावली पाहिजे.

माझ्या वाचकांपैकी कुणावर अशी रात्र आली तर आणखी काही गोष्टी ठाऊक असाव्यात. राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 प्रमाणे, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांच्या आत अटक झालेल्यास दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. नोव्हेंबर 2025 मध्ये मुंबईतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की अटकेची कारणे त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावी लागतील. ज्या माहितीवर माणसाचे जीवित वा स्वातंत्र्य अवलंबून आहे, ती माहितीच्या अधिकारात 48 तासांत द्यावी लागते. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 हा क्रमांक आहे.

इथपर्यंत सारे सरळ आहे. नोंद उघडी असावी, असे मी त्या दिवसापासून प्रत्येकाला सांगत होते. मला त्याचा थोडा अभिमानही वाटू लागला होता. लोक माझ्याकडे येत, आणि मी शोधून देत असे.

मग 2024 साली माझ्या भाचीसाठी एक रिश्ता आला. मुलगा शिकलेला, नोकरी बरी, घर साधे. मोठ्या बहिणीने फोन केला, "तुला ते पोलिसांचे बघता येते ना? जरा नाव टाकून बघ." मी बघितले. दोन वर्षांपूर्वीच्या एका तारखेला, त्यांच्याच तालुक्याच्या ठाण्यात, मारामारीच्या गुन्ह्यात तेच नाव, तेच आडनाव. मी बहिणीला तसे सांगितले. तिने विचारले नाही, मीही थांबले नाही. आठवड्यात नकार कळवला गेला. कारण सांगितले गेले नाही, पण अशी कारणे भिंतीतून पाझरतात.

पुढे तीन महिन्यांनी कळले, की तो वेगळाच माणूस होता. वयात पंधरा वर्षांचा फरक. आमच्यात नावांची काय कमतरता आहे? एकाच मोहल्ल्यात एकाच नावाचे चार शेख आणि तीन पठाण निघतील. माझ्या वर्गाच्या हजेरीत एकाच नावाच्या दोन मुली आहेत. त्यांची उत्तरपत्रिका देताना मी रोज बापाचे नाव पाहते. तेवढी काळजी मी त्या मुलाच्या बाबतीत घेतली नाही.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. जी नोंद एका आईला दिलासा देते, तीच दुसऱ्या घरी एका निरपराध मुलाची इज्जत घेते. मग ती उघडी असावी की झाकलेली?

काहीजण म्हणतील, यात नोंदीचा दोष नाही, चूक तुमची होती. खरे आहे. पण समजा तो तोच मुलगा असता तर? तरीही मला काय कळले असते? अटक झाली, एवढेच. गुन्हा शाबित झाला की नाही, तक्रार खोटी होती की खरी, हे त्या यादीत नसते. निकाल न्यायालयाच्या दप्तरात असतो आणि तिथे जाण्याची तसदी फार थोडे घेतात. 2022 अखेर देशातील तुरुंगांत 5,73,220 माणसे होती. त्यांतली 4,34,302, म्हणजे जवळजवळ 76 टक्के, कच्चे कैदी होते. कायद्याच्या नजरेत ती अजून गुन्हेगार नव्हती.

आपल्या समाजाला हे उदाहरणे देऊन समजवायची गरज नाही. सप्टेंबर 2006 मध्ये मालेगावात शबे-बारातच्या दिवशी बॉम्बस्फोट झाले. त्यात नऊ मुसलमान तरुण पकडले गेले. त्यांची नावे देशभरातल्या वर्तमानपत्रांतून आली. एप्रिल 2016 मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपांतून मुक्त केले. तोपर्यंत त्यांतला एक जण या जगात राहिला नव्हता. मुंबईच्या 2006 मधील लोकल स्फोटांच्या खटल्यात अब्दुल वाहिद शेख हे शिक्षक नऊ वर्षे तुरुंगात राहून 2015 साली निर्दोष सुटले. पेशाने मीही शिक्षिका आहे, म्हणून ती नऊ वर्षे मी शाळेच्या हिशोबाने मोजते. पहिलीतले मूल तेवढ्या काळात नववी ओलांडते. अटकेची बातमी सर्वांनी वाचली, सुटकेची किती जणांनी?

हे केवळ आपल्याच देशात घडते असे नाही. अमेरिकेत अटक झालेल्याचे छायाचित्र बऱ्याच ठिकाणी सार्वजनिक दस्तऐवज मानले जाते. त्यातून असा धंदा निघाला, की ती छायाचित्रे गोळा करून इंटरनेटवर टाकायची आणि काढून टाकण्यासाठी त्याच माणसाकडून पैसे घ्यायचे. 2018 साली कॅलिफोर्नियात अशा एका संकेतस्थळाच्या चालकांवर खंडणीचे गुन्हे दाखल झाले. 2020 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या पोलिसांनी, लोकांना धोका असल्याखेरीज, अशी छायाचित्रे देणेच बंद केले. पण म्हणून कोणाला पकडले हे लपवावे, असे तिथे कुणी म्हटले नाही. गुपचूप होणारी अटक ही त्याहून मोठी आपत्ती आहे, हे त्यांनाही ठाऊक आहे.

आपल्या दीनमध्ये या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात. सूरह हुजुरातमध्ये गुमानापासून दूर राहायला सांगितले आहे आणि तजस्सुस, म्हणजे दुसऱ्याचे ऐब हुडकत फिरणे, मना केले आहे. हजरत उमर यांच्याबद्दल एक रिवायत सांगितली जाते. रात्री गस्त घालताना ते भिंत चढून एका घरात उतरले आणि घरातल्या माणसाला गुन्हा करताना पकडले. तो म्हणाला, अमीरुल मोमिनीन, माझी चूक एक, तुमच्या तीन. तुम्ही पाळत ठेवली, दरवाजा सोडून आलात, सलाम न करता आलात. आणि खलिफाने ते मान्य केले.

दुसरी बाजूही आहे. फातिमा बिन्ते कैस यांनी निकाहसाठी सल्ला विचारला तेव्हा हुजूर (स.) यांनी मागणी घालणाऱ्यांचे दोष स्पष्ट सांगितले. म्हणून उलेमांनी रिश्त्याच्या सल्ल्यात खरे सांगणे गीबत मानलेले नाही. मुलीच्या बापाने चौकशी करू नये असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? बायकोला मारणाऱ्याचा इतिहास झाकून ठेवणे हा परदा नव्हे, तो मुलीशी धोका आहे. पण त्या हदीसमध्ये जे सांगितले गेले, ते माहीत असलेले होते. मी सांगितले ते गुमान होते.

विचार करता करता मला वाटू लागले, की नोंद उघडी की बंद हा प्रश्नच अपुरा आहे. ती कोणाला जाब विचारण्यासाठी उघडली, हे पाहिले पाहिजे. ठाण्याचा फलक हा पोलिसांचा हिशोब आहे. तुम्ही कोणाला आणले, केव्हा आणले, का आणले, ते लोकांना सांगा, एवढाच त्याचा अर्थ. आपण तो उलटा धरतो आणि पकडलेल्या माणसाकडूनच हिशोब मागतो. मुलांच्या बाबतीत कायद्याला हे उमगले आहे. 2015 च्या बाल न्याय अधिनियमात कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास मनाई आहे. मोठ्यांच्या नोंदीतही निदान एवढे व्हावे, की जिथे अटक लिहिली तिथेच पुढे सुटकाही लिहिली जावी. तोवर राहिलेली जागा आपण आपल्या संशयाने भरू नये.

आणि चौकशी करायचीच, तर दारातून करावी. म्हणजे त्या माणसाला विचारावे.

मागच्या रमजानआधी मी त्या मुलाच्या घरी गेले. बहिणीने येण्यास नकार दिला. मुलाच्या आईने चहा ठेवला, पण समोर बसल्या नाहीत. मी त्याला सगळे सांगितले, मोबाईलवर ते पानही दाखवले. त्याने बापाचे नाव आणि वय वाचले, आणि मोबाईल परत दिला.

"आपा," तो म्हणाला, "मला एक फोन केला असता, तर मी आधार कार्ड घेऊन आलो असतो."

त्याने मला माफ केले का, हे मी विचारले नाही. त्या टेंपोवाल्या मुलाचा खटला अजून चालू आहे. दर तारखेच्या आधी त्याची आई माझ्याकडे येते आणि मी न्यायालयाच्या संकेतस्थळावर पुढची तारीख बघून देते. मात्र आता कोणी रिश्त्यासाठी नाव शोधायला सांगितले, तर मी त्याला त्या घराचा पत्ता विचारते.