सालाझारचा परवाना

मे १९४५ मध्ये हिटलरच्या मृत्यूची बातमी आली, तेव्हा लिस्बनमधल्या सरकारी इमारतींवरचे झेंडे अर्ध्यावर उतरले. चारच वर्षांनी, ४ एप्रिल १९४९ रोजी, त्याच सरकारने वॉशिंग्टनमध्ये ‘नाटो’च्या स्थापना-करारावर सही केली. लोकशाही, व्यक्तिस्वातंत्र्य आणि कायद्याचे राज्य यांचा उद्घोष या कराराच्या प्रस्तावनेतच आहे. सही करणाऱ्या पोर्तुगालमध्ये मात्र वृत्तपत्रे सेन्सॉरखाली होती आणि विरोधक तुरुंगात.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार फॅसिस्ट होता की नाही, यावर इतिहासकार अजून भांडतात. त्याला मोर्चे आणि गर्जनांचा तिटकारा होता. फॅसिस्टांच्या धर्तीवर निळे सदरे घालणाऱ्यांची देशातली संघटना त्यानेच मोडून काढली. पण १९३६ साली त्याने उभारलेल्या युवक संघटनेतली पोरे हात उंचावून रोमन सलामी देत, आणि त्यांच्या पट्ट्याच्या बकलावर ‘एस’ हे अक्षर असे. त्याच वर्षी सरकारी नोकरांवर एक प्रतिज्ञा लादली गेली. १९३३ च्या राज्यघटनेतली समाजव्यवस्था आपल्याला मान्य आहे आणि साम्यवादाचा आपण सक्रिय धिक्कार करतो, असे लिहून दिल्याशिवाय शाळामास्तरालाही नोकरी नव्हती. त्याच साली केप व्हर्दे बेटांवर ताराफालची छावणी उघडली. पोर्तुगीज कम्युनिस्ट पक्षाचा सरचिटणीस बेंतो गोन्साल्विस तिथेच १९४२ साली मेला. एवढे पाहिल्यावर व्याख्येचा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही.

महायुद्धात सालाझार तटस्थ राहिला, आणि तटस्थतेचे त्याने चोख पैसे केले. पोलादाला कणखर करणारे वुल्फ्राम त्याने जर्मनीलाही विकले आणि ब्रिटनलाही. वारे फिरताच १९४३ साली अझोर्स बेटांवरचे तळ त्याने ब्रिटनला वापरायला दिले. पुढे अमेरिकन तिथे उतरले. युद्ध संपले, शत्रू बदलला, आणि अटलांटिकच्या मध्यावरची ती धावपट्टी सोन्याच्या मोलाची झाली. ‘मी तर पहिल्यापासून कम्युनिस्टांविरुद्ध लढतोय,’ असे आता सालाझार ताठ मानेने सांगू शकत होता. अडचण एवढीच की ते खरेही होते.

तळ देऊन मैत्री मिळवण्याच्या या सौद्याची झळ पोर्तुगालच्या ताब्यातल्या गोव्याला बसली. १८ जून १९४६ रोजी भारतातले समाजवादी नेते राममनोहर लोहिया यांनी गोव्यातल्या मडगावात सभा घेतली; पाठोपाठ गोव्याच्या स्वातंत्र्यचळवळीचे नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना पकडून लष्करी न्यायालयापुढे उभे केले आणि आठ वर्षांची सजा देऊन पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडले. पुढे कम्युनिस्ट नेता आल्वारो कुन्याल याच किल्ल्यातून १९६० साली निसटला. लोहिया स्वतः कम्युनिस्टांचे टीकाकार होते. पण सालाझारच्या लेखी प्रश्न मतांचा नव्हताच. १९५१ साली त्याने वसाहतींचे नाव बदलून ‘सागरापारचे प्रांत’ केले. आता गोवा मागणारा आपोआप पोर्तुगालचे तुकडे करणारा ठरला.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही भारतातून गोव्याची हद्द ओलांडून आत शिरले आणि पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे मेली. त्याच वर्षाअखेर भारतात आलेले सोव्हिएत नेते बुल्गानिन आणि ख्रुश्चेव गोव्याबाबत भारताच्या बाजूने बोलताच अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगीज परराष्ट्रमंत्र्यांसोबत संयुक्त निवेदन काढले; त्यात गोव्याचा उल्लेख पोर्तुगीज प्रांत असा होता. मॉस्को ज्याच्या बाजूने, त्याच्या विरुद्ध आपण, इतका सोपा हिशेब. मडगावच्या माणसाला काय हवे, हे विचारायची गरजच उरली नाही.

अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी हा हिशेब बदलायचा प्रयत्न केला, हेही नोंदवले पाहिजे. मार्च १९६१ मध्ये अंगोलाच्या प्रश्नावर अमेरिकेने सुरक्षा परिषदेत पोर्तुगालविरुद्ध मत दिले. पण अझोर्सच्या तळाचा करार १९६२ साली संपणार होता, आणि तो धीटपणा हळूहळू ओसरला. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौजा गोव्यात शिरल्या, तेव्हा युद्धबंदी आणि माघारीची मागणी करणाऱ्या ठरावाला सुरक्षा परिषदेत सात मते मिळाली. सोव्हिएत नकाराधिकारामुळेच तो फेटाळला गेला. बळाचा वापर झाला, ही तक्रार अगदीच पोकळ नव्हती. पण सत्याग्रहींवर गोळ्या झाडणाऱ्याला मित्र म्हणून जवळ करणाऱ्यांनी ती करावी, हे मला पटत नाही.

त्यानंतरही तेरा वर्षे लिस्बनने गोवा गेल्याचे मान्य केले नाही. २५ एप्रिल १९७४ रोजी पोर्तुगीज सैन्यातल्याच तरुण अधिकाऱ्यांनी ती राजवट उलथवली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.