मध्यस्थाचे मीठ

खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपण मुलांना शिकवतो. मीही वर्गात शिकवतो. पण भांडण मिटवायला जो मध्ये बसतो, त्याने कोणाच्या मिठाला जागावे? ‘ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी’ हा न्याय त्याने पाळला, तर दुसरा पक्ष त्याच्यापुढे तोंड उघडणार नाही.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणिसापुढे हा पेच नेहमीचाच. त्याला पगार देतात ती राष्ट्रे, आणि भांडतात तीही राष्ट्रेच. संघाच्या सनदेतले शंभरावे कलम सांगते की, त्याने कोणत्याही सरकारचा आदेश मागू नये, स्वीकारूही नये. कलम लिहिणे सोपे; ते जगावे कसे, हे मला डाग हॅमरशोल्ड यांच्या चरित्रात दिसते.

कोरियाच्या युद्धात पकडलेल्या अकरा अमेरिकन हवाईसैनिकांना चीनने १९५४ साली हेर ठरवून शिक्षा ठोठावल्या. आमसभेने निषेधाचा ठराव केला आणि त्यातच सरचिटणिसांना सुटकेची खटपट करायला सांगितले. म्हणजे एका हाती निषेध घेऊन दुसऱ्या हाताने दार ठोठवायचे! तेही ज्या पेकिंग सरकारला संघात तेव्हा जागाच नव्हती, त्याचे. हॅमरशोल्ड ठरावाचा आधार बाजूला ठेवून, सनदेने आपल्या पदाला दिलेल्या अधिकाराने गेले. जानेवारी १९५५ मध्ये चौ एन लाय त्यांच्याशी बोलायला बसले. ऑगस्टच्या आरंभी अकराही जण सुटले. अमेरिका आणि चीन यांच्या वाटाघाटीही तेव्हाच जिनिव्हाला सुरू होत होत्या, म्हणून सारे श्रेय एकट्याचे म्हणता येत नाही. पण बंद दार प्रथम उघडले ते त्यांनी.

कोणी म्हणेल, ही धन्याशी फितुरीच की! मला तसे वाटत नाही. ठराव बहुमताचा होता, सनद सर्वांची होती. धन्याने रागाच्या भरात दिलेल्या हुकुमापेक्षा त्याने शांतपणी दिलेला शब्द सांभाळणे, यातच खरे इमान आहे.

या इमानाची किंमत मात्र मोजावी लागते. १९६० मध्ये काँगोच्या प्रश्नावरून क्रुश्चेव्ह यांनी त्यांचा राजीनामा मागितला. एकाच्या जागी तिघे बसवा, एकेका गटाचा एकेक, असेही सुचवले. तसे झाले असते, तर तिघेही आपापल्या मिठाला जागले असते आणि भांडण जिथल्या तिथे राहिले असते. संघाची गरज बड्यांना नसून इतर राष्ट्रांना आहे, असे सांगून हॅमरशोल्ड पदावर राहिले. १८ सप्टेंबर १९६१ रोजी काँगोतल्याच तडजोडीसाठी जाताना एन्डोलाजवळ त्यांचे विमान कोसळले.

मुलांना मी मिठाला जागायलाच शिकवीन. फक्त एवढे जोडीन : मीठ कोणी वाढले ते पाहा, आणि कशासाठी वाढले तेही विचारा.