ऋतू बदलतो आहे, आणि आपण?



पहाटेच्या मिस्साला येताना अंगावरची शाल आता जड वाटू लागली आहे. गोधड्या उन्हे खाऊन माळ्यावर गेल्या, पंखे पुन्हा फिरू लागले. थंडी निघाली आहे, उन्हाळा दारात उभा आहे. आणि नेमक्या याच दिवसांत ख्रिस्तसभा आपल्या कपाळाला राख लावते.

हा केवळ योगायोग नव्हे. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा पुनरुत्थानाचा सण. त्यामुळे राखेचा बुधवार ४ फेब्रुवारीच्या आधी येत नाही आणि १० मार्चच्या पुढे जात नाही. इंग्रजीत उपवासकाळाला ‘लेंट’ म्हणतात. या जुन्या शब्दाचा मूळ अर्थच वसंत ऋतू, म्हणजे दिवस लांबण्याचा काळ असा आहे. उपवासकाळ हा ऋतुबदलाचा काळ आहे, बाहेरच्या आणि अंतःकरणातल्याही.

या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर दोन वाऱ्यांची ओढाताण चालते. रात्री व पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. ऊन चढले की समुद्रावरून खारे वारे येतात आणि दुपार सुसह्य होते. पण पूर्वेकडून येणारा कोरडा, तापलेला वारा जोरात असला की खारा वारा उशिरा पोहोचतो. तेवढ्या वेळात पारा भराभर चढतो. किनारपट्टीवर कमाल तापमान ३७ अंशांवर गेले आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी अधिक असले, तर हवामान खाते त्याला उष्णतेची लाट म्हणते. २०२५ साली अशा लाटेचा इशारा मुंबई-ठाणे परिसराला फेब्रुवारीतच मिळाला. १९०१ पासूनच्या नोंदींत देशाचे सरासरी तापमान तोवर कोणत्याही फेब्रुवारीत इतके चढले नव्हते.

याचा अर्थ तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक कळतो. मोहराला रात्रीचा गारवा लागतो. अवेळी ऊन तापले की कणी गळते, ढग आले की तुडतुडे आणि भुरी येते. वलांडीवर बोंबील घातलेल्या बहिणीला अवकाळी पावसाच्या एका सरीची किंमत ठाऊक असते. विहिरीचे पाणी मचूळ लागू लागले की केळीच्या बागेचे पुढे काय होणार, हे जाणत्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. आता तर फेब्रुवारी सरता सरता मार्च ते मे या तीन महिन्यांचा अंदाज हवामान खाते जाहीर करते. तो वर्तमानपत्रात येतो, दूरदर्शनवर येतो, आपल्या हातातल्या मोबाइलवरही येतो. आपण तो वाचतो, “यंदा फार तापणार म्हणे!” असे शेजाऱ्याला सांगतो आणि पान उलटतो.

याच सवयीवर प्रभू येशूने बोट ठेवले आहे. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात तो लोकसमुदायाला म्हणतो की, पश्चिमेला ढग दिसला की पाऊस येणार हे तुम्ही ओळखता, दक्षिणेचा वारा सुटला की उकडणार हेही ओळखता; मग या काळाची लक्षणे तुम्हाला का ओळखता येत नाहीत? पॅलेस्टाईनच्या पश्चिमेला भूमध्य समुद्र आहे, दक्षिणेला वाळवंट. लोकांचा अंदाज अचूक होता. हिवाळ्यात उत्तर भारताला पाऊस व बर्फ देणारे पश्चिमी विक्षोभही त्याच समुद्राच्या बाजूने येतात आणि ते पुढे सरकल्यावर उत्तरेचा गारठा महाराष्ट्रात उतरतो. येशू आकाश पाहणाऱ्यांना दोष देत नाही. पाहूनही जागचे न हलणाऱ्यांना तो दोष देतो. म्हणून तर लगेच पुढे तो सांगतो की, वादी तुम्हाला न्यायाधीशाकडे नेत असेल तर वाटेतच त्याच्याशी समेट करा. वेळ आहे तोवर हालचाल करा, हा त्याचा अर्थ.

जुन्या करारात याचे एक विलक्षण उदाहरण आहे. उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यात आपण योना प्रवक्त्याचा उतारा ऐकतो. चाळीस दिवसांत निनवे नगरी उलथून पडेल, असे त्याने सांगितले. लोकांनी ते मनावर घेतले. राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसला. नगरी वाचली. म्हणजे योनाचे भाकीत खोटे ठरले! पण ते खोटे ठरण्यासाठीच देवाने त्याला पाठवले होते. इशाऱ्याचे यश तो खरा ठरण्यात नसते, माणसे वाचण्यात असते.

योनाला मात्र याचा राग आला. तो नगराबाहेर जाऊन बसला. देवाने त्याच्या डोक्यावर सावलीसाठी एक वेल वाढवला. दुसऱ्या पहाटे किडीने तो मारला, पूर्वेचा तापलेला वारा सुटला आणि योना उन्हाने कासावीस झाला. तेव्हा देवाने त्याला विचारले की, तुला एका वेलाची हळहळ वाटते, मग एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांची आणि एवढ्या गुराढोरांची हळहळ मला वाटू नये का?

बंधू-भगिनींनो, आपल्या प्रार्थनेने पारा उतरेलच असे मी म्हणत नाही. पण त्या उन्हात कोण होरपळेल आणि कोणाला सावली मिळेल, हे पुष्कळसे आपल्या हातात आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणात दूरदृष्टीचा समावेश केला आहे. पुढचे दिसत असूनही काहीच न करणे म्हणजे देवावर भरवसा ठेवणे नव्हे. तो आळस आहे, आणि त्याची किंमत बहुधा दुसराच कोणीतरी मोजतो.

आपल्या वसईत पूर्वजांनी बावखले खणली, राखली. त्यांच्यामुळे वाड्या हिरव्या राहिल्या, विहिरी गोड राहिल्या. त्यांतली किती आपण डबर टाकून बुजवली? तिथे कोणाचे ट्रक रिकामे झाले, जागेचा सौदा कोणी केला, हे गावात सर्वांना ठाऊक असते. शुक्रवारी मासमच्छी वर्ज्य करणारे हातच बावखल बुजवण्याच्या कागदावर सही करत असतील, तर तो उपवास देवाला कसा पावेल?

म्हणून या उपवासकाळात काही साधे संकल्प करू या. आपल्या अंगणात, वाडीत किंवा बांधकामावर राबणाऱ्या मजुराला दुपारी अकरा ते चार उन्हात उभे करू नये, आणि त्यासाठी त्याची मजुरी कापू नये. आळीत एकटे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची दुपारी एकदा विचारपूस करावी, त्यांना ताक, लिंबूपाणी नेऊन द्यावे. दारात पाण्याचा माठ ठेवावा. पालापाचोळा जाळण्याऐवजी झाडांच्या आळ्यात पसरावा, ओल टिकेल. आणि ज्यांच्या जागेत बावखल उरले आहे, त्यांनी पाऊस येण्यापूर्वी त्यातला गाळ काढावा.

आकाशातला ऋतू आपल्याला न विचारता बदलतो. अंतःकरणातला ऋतू मात्र आपल्या संमतीवाचून बदलत नाही; तिथे देवसुद्धा आपली वाट पाहतो. प्रभू आपल्याला काळाची लक्षणे ओळखण्याची दृष्टी देवो आणि ती ओळखून उठण्याचे बळही देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू