मागावरची विश्रांती

श्रम कोणते आणि विश्रांती कोणती, हे केवळ हातांच्या हालचालीकडे पाहून ठरविता येत नाही. घरच्या घरी सतरंजी विणण्याचा छंद हे याचे चांगले उदाहरण आहे. नोकरीच्या निमित्ताने उत्तरेत येऊन राहिलेली दोन-तीन मराठी घरे आमच्या परिचयाची आहेत, की जेथे मागल्या व्हरांड्यात एक लहानसा माग बसविलेला आहे. कचेरीतून आल्यावर चहा घ्यावा आणि दिवेलागणीपासून पाने मांडेपर्यंत चार बोटे विणावे, असा त्या गृहस्थांचा परिपाठ. त्यांच्यापैकी प्रत्येकजण आपणहून सांगतो की, इतकी शांती दुसऱ्या कशाने मिळाली नाही. ही शांती खरी आहे याविषयी आम्हांस शंका नाही. ती येते कोठून, एवढाच आमचा प्रश्न आहे.

हा माग म्हणजे आपल्याकडचा खड्डामाग नव्हे. धोटा इकडून तिकडे फेकावयाचा नाही, पाय खड्ड्यात सोडून बसावयाचे नाही. पंजाब-हरियाणाच्या खेड्यांतून बायका जमिनीलगत आडवा अड्डा ठोकून त्यावर सतरंज्या विणीत आल्या. मुलीच्या लग्नात द्यावयाच्या सतरंज्या घरीच तयार होत. त्या लोकांचा शब्द ‘दरी’. (मराठी माणसाला तो ऐकून प्रथम सह्याद्री आठवतो, हे ओघाने आलेच.) ताणा सुताचा, घट्ट ओढलेला. एकाआड एक उचललेल्या त्याच्या धाग्यांतून बाण्याचा रंगीत दोरा हाताने घालावयाचा आणि पंजाने ठोकून बसवावयाचा. पंजा म्हणजे बोटांसारखे दाते असलेले लोखंडी हत्यार. बाणा इतका दाबून बसला पाहिजे की ताणा कोठे दिसताच कामा नये. नवखा मनुष्य दोरा सरळ ओढून घेतो. मग प्रत्येक ओळीला दोन्ही कडा थोड्या थोड्या आत येतात आणि सतरंजीला मधोमध कंबर येते. दोरा कमानीसारखा सैल सोडून मग ठोकला, तरच कड सरळ उतरते. हे सांगून कळत नाही. हातभर वीण वाया गेली म्हणजे बोटांना कळते.

कचेरीत आयुष्य घालविलेल्या माणसाला या कामाची भुरळ का पडावी, हे समजणे कठीण नाही. फाईल त्याच्या मेजावर मधूनच कोठून तरी येते आणि मधूनच कोठे तरी जाते. तिचा आरंभ त्याने पाहिलेला नसतो, शेवट दिसण्याच्या आत बहुधा बदली होते. सतरंजीचा पहिला दोरा आणि शेवटची गाठ दोन्ही त्याच्याच हातची. आज वाढलेली चार बोटे उद्याही तेथेच असतात. ‘पुनर्विचारार्थ सादर’ असा शेरा मारून ती कोणी परत पाठवीत नाही. चुकले तर उसवता येते, हा लाभही लहान नव्हे, कारण एकदा निघालेला हुकूम उसवणे किती दुर्घट असते ते त्याच्याइतके कोणास ठाऊक! शिवाय हे काम मनाला नेमके जेवढ्यास तेवढे गुंतविते. बुद्धिबळाइतके ते थकवीत नाही, आणि ज्येष्ठतेच्या यादीत आपला क्रमांक कितवा लागला याचा विचार करीत बसावे इतके मोकळेही सोडीत नाही.

येथवर सर्व ठीक आहे. परंतु ही मंडळी पुढे जाऊन म्हणतात की, मागातच काही गुण आहे, विणणे ही साधनाच आहे, तेव्हा आम्ही थबकतो. विंडसरच्या राजवाड्यात वॉटर्लू दालन आहे. तेथील प्रचंड एकसंध गालिचा १८९४ मध्ये हिंदुस्थानातून जाऊन पोचला. व्हिक्टोरिया राणीसाठी तो आग्र्याच्या तुरुंगात कैद्यांनी विणला होता. गाठी मारून केलेला गालिचा आणि सपाट विणीची सतरंजी यांत कारागिरीचा फरक पुष्कळ आहे. पण ताण्यासमोर बसून एकेक ओळ ठोकीत जावयाचे, हे दोन्हीकडे सारखेच. त्या कैद्यांना ते न्यायाधीशाने सांगितले होते. भदोही-मिर्झापूरच्या पट्ट्यात तेच काम पोटासाठी चालते, आणि तेथील मागांवर लहान मुले बसविली जात, ही गोष्ट गेल्या शतकाच्या अखेरीस इतकी गाजली की १९८६ मध्ये बालकामगारांविषयीचा कायदा झाल्यानंतरही, १९९४ मध्ये ‘मुलांच्या श्रमाविना विणलेला’ अशी खूण देणारी रगमार्क योजना काढावी लागली. तोच माग एकाला शिक्षा, दुसऱ्याला भाकरी आणि तिसऱ्याला विरंगुळा होत असेल, तर शांती मागात आहे असे म्हणता येत नाही. ती वाटेल तेव्हा उठून जाण्याच्या मोकळिकीत आहे. व्हरांड्यातला गृहस्थ कंटाळला की पंजा खाली ठेवतो आणि रेडिओ लावतो.

यावर एका विद्वान स्नेह्यांनी आम्हांस गीतेचा आधार दिला. आम्हांला या सतरंजीपासून काहीच मिळवावयाचे नाही, मग हे निष्काम कर्म नव्हे काय? मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेले टिळकांचे ‘गीतारहस्य’ आपल्या पिढीजात कपाटात असतेच, तेव्हा वाद मोठा रंगला. आमचे म्हणणे इतकेच की, फळाची आसक्ती सोडणे वेगळे आणि फळाची गरजच नसणे वेगळे. पहिल्या तारखेस वेतन जमा होते, म्हणून सतरंजी विकली न गेली तरी चालते. यात वैराग्य कोठले? भरल्या ताटावर बसून भूक जिंकल्याचे सांगण्यापैकीच हे झाले. आणि टिळकांचा सारा भर तर लोकसंग्रहावर, म्हणजे वाट्याला आलेल्या कर्तव्यावर होता. सायंकाळच्या फावल्या वेळावर नव्हे.

संतांचा दाखलाही असाच घाईने दिला जातो. कबीर विणकर होता, गोरोबा कुंभार, सावतोबा माळी. खरे आहे; पण त्यांपैकी कोणीही तो धंदा छंद म्हणून केला नाही. अरणचा मळा हा सावतोबांचा चरितार्थ होता. ज्या कामावर पोट अवलंबून, त्याच कामात त्यांना विठ्ठल सापडला, हेच तर त्यांचे मोठेपण. तेव्हा सावता माळ्याचा दाखला घ्यावयाचाच असेल, तर तो व्हरांड्यातील मागाकडे बोट दाखवीत नाही. तो कचेरीतील मेजाकडे दाखवितो, आणि तिकडे पाहण्याचे आपण शिताफीने टाळतो. दहा ते पाच जे काम करावयाचे त्यात जीव नाही असे एकदा ठरवून टाकले, की मग जीव सायंकाळी मागावर शोधावा लागतो.

इंग्लंडातील विल्यम मॉरिसला ही अडचण जाणवली होती. हा सधन कवी आणि कारखानदार. १८७९ मध्ये त्याने लंडनच्या हॅमरस्मिथ भागातील आपल्या घरी, निजण्याच्या खोलीतच माग बसविला आणि भिंतीवर टांगावयाचा चित्रपट स्वतः विणावयास घेतला. त्याला ५१६ तास लागल्याची नोंद त्याने ठेवली आहे. त्याच घराच्या गाडीखान्यात पगारी बायका गालिचे विणीत. एकाच छपराखाली छंद आणि मजुरी! पुढे तो समाजवादी झाला, आणि १८८४ मधील एका व्याख्यानात त्याने सांगितले की, करण्याजोग्या श्रमात विश्रांतीची, वस्तूची आणि प्रत्यक्ष कामातील आनंदाची अशी तीन आशा असतात. तिन्ही आपल्या वाट्याला आल्या होत्या आणि गाडीखान्यातील बायकांच्या वाट्याला त्या तितक्या आल्या नव्हत्या, हे त्याला दिसले नसेल असे आम्हांस वाटत नाही.

गांधीजींनी उलट मार्ग धरला. छंदाचेच कर्तव्य करावयाचे! बेळगावच्या १९२४ च्या काँग्रेसने सभासदाकडून दरमहा २,००० वार सूत मागितले. पण ज्याची इच्छा नसेल त्याने दुसऱ्याने कातलेले सूत दिले तरी चालेल, अशी सवलतही त्याच ठरावात होती. आपल्यासारख्यांनी कोणता पर्याय पत्करला असता, याचा तर्क करणे अवघड नाही.

म्हणून हा छंद सोडावा काय? मुळीच नव्हे. थकलेल्या माणसाला विसावा हवा, आणि विसावलेला अधिकारी अर्जदारावर खेकसत नाही, एवढाही लाभ थोडा नव्हे. कचेरीचे काम सावतोबांच्या मळ्यासारखे व्हावे, हेही दर वेळी एकट्याच्या हाती नसते. पण माग आणि मेज यांच्यामध्ये आपण भिंत बांधतो, ती बांधण्याचे कारण नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या मेजावर विणकरांचे कागद येतात: सूत मिळाले नाही, सहकारी संस्थेचे पैसे थकले, कर्जाचा हप्ता पुढे ढकलावा. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशातील विणकर व त्यांचे साहाय्यक मिळून ३५ लाखांवर भरले, आणि त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश कुटुंबांची मासिक मिळकत पाच हजार रुपयांहून कमी आढळली. पंधरा दिवस बाणा नाही म्हणजे काय, हे व्हरांड्यातल्या गृहस्थाला आता अनुभवाने ठाऊक असते. त्याला त्याने काही बिघडत नाही, एवढाच फरक.

आमच्या त्या स्नेह्यांपैकी एकाकडे मध्यंतरी असाच एक अर्ज आला. एका विणकर संस्थेची रक्कम अडली होती, आणि सोबतची एक प्रत नव्हती. नियमाप्रमाणे तो परत पाठविणे भाग होते, आणि त्यांनी तो परत पाठविला. ‘अपूर्ण, परत’ एवढा शेरा पुरेसा झाला असता. त्यांनी कोणती प्रत हवी, ती कोठे मिळेल आणि कोणत्या तारखेपर्यंत आली म्हणजे याच तिमाहीत रक्कम निघेल, हे आपल्या हाताने खाली लिहिले. त्याला वीस मिनिटे लागली. त्या दिवशी घरी जावयास उशीर झाला आणि विणणे राहिलेच, असे ते सांगत होते.